टकटक होईपर्यंत दिवा लावू नका

"आतून तीनदा टकटक केलं की समजा झालं. तोवर बटणाला हात लावायचा नाही, ताई."

एवढंच सांगितलं होतं मला.

मी मान डोलावली होती. पण लक्ष बाळाच्या छातीकडे होतं, ती वरखाली होतेय की नाही तिकडे.

या पेजवरच्या गोष्टी मी बाळ झोपलं की वाचते. खालच्या कमेंट्सही वाचते. "रचलेलं वाटतंय" असं लिहिणाऱ्यांत मीही होते. माझ्या गोष्टीखाली तुम्हाला काय लिहायचं ते लिहा. हे घडलं हे माझ्या सासूबाईंना माहीत आहे. आणि माझ्या मुलाला. पण त्याला अजून बोलता येत नाही.

ही रात्रीची गोष्ट नाही. शनिवारची दुपार होती. बाहेर आभाळ भरलेलं, त्यामुळे दुपार असूनही दिवे लावलेले. हॉस्पिटलचा दुसरा मजला, लहान मुलांचा वॉर्ड, भिंतीकडचा शेवटचा बेड.

माझा मुलगा तेव्हा आठ महिन्यांचा होता. न्युमोनिया. नाकाला ऑक्सिजनची नळी, पायाच्या अंगठ्याला पट्टी, पट्टीतून मशीनला गेलेली तार. मशीनवर आकडा दिसायचा. तो लाथा मारायचा, पट्टी सुटायची, आकड्याच्या जागी नुसत्या रेघा यायच्या आणि मशीन बोंबलायचं. दिवसातून कितीदा तरी.

म्हणून मी मशीनवर विश्वास ठेवत नव्हते. मी ओठ बघायचे. डॉक्टरांनी सांगितलं होतं, ओठ निळे दिसले तर लगेच हाक मारा.

पण आमच्या बेडवरचा दिवा पार उंच होता, छताच्या अंगाला. टाचा उंचावल्या तरी हात पोचायचा नाही. त्याचा सगळा उजेड समोरच्या भिंतीला. मी बाळावर वाकले की माझीच सावली त्याच्या तोंडावर.

दिवा खाली घ्या म्हणून मी सिस्टरांच्या मागे लागले. त्या म्हणाल्या, हे हॉस्पिटल आहे, तुमचं घर नाही. मी तरीही लागले. सासूबाई शेजारच्या बेडवरच्या आजींना म्हणाल्या, "डॉक्टरांनी नातवाला ॲडमिट केलंय आणि हिनं दिव्याला."

शेवटी सिस्टर कंटाळल्या. त्यांनी वायरमनला बोलावलं.

वॉर्डात त्याला सगळे 'आलोच' म्हणायचे. कुठूनही हाक आली की तो "आलोच" म्हणायचा आणि गायब व्हायचा. सिस्टर म्हणायच्या, हा आलोच म्हणाला की चहा पिऊन, जेवून, एखादं लग्न लावून येतो. तोही हसायचा. सडपातळ माणूस, चाळिशीचा असेल. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. बाळाकडे बघून त्याने जीभ काढून दाखवली, आणि त्या आजारपणात बाळ पहिल्यांदा हसलं.

हे मी मुद्दाम लिहितेय. तो कसा होता हे कुणीतरी लिहायला हवं.

त्याने दिवा खाली माझ्या हाताशी आणला. पत्र्याची टोपी असलेला जुना दिवा, हवा तसा वळवता येणारा. मला वाटलं झालं. पण तो म्हणाला, इतक्यात नाही.

"वर होता तोवर चालून जात होतं. हातच पोचत नाही तर शिवणार कोण? आता तुमच्या हाताशी आला. पत्र्याची टोपी, मांडीवर बाळ, बाळाच्या पायाला मशीनची तार. घरी झटका बसला तर आपण हात झाडतो आणि हसतो. इथे एवढ्याशा जिवाला झटका कळायच्या आधीच... नको ते. पेशंटजवळच्या दिव्याला स्वतःची तिसरी तार पाहिजे. हिरवी. थेट बोर्डापर्यंत. त्याशिवाय मी हा चालू करून देणार नाही."

"त्याने काय होतं?" मी विचारलं.

"कुठे गळती झाली तर करंट तारेतून जमिनीत जातो. माणसातून नाही."

माणसातून नाही.

हिरव्या तारेचं एक टोक त्याने दिव्याच्या पत्र्याला जोडलं. उरलेली तार भिंतीतल्या भोकातून पलीकडे सारली. आमच्या बेडमागे भिंतीच्या आत एक अरुंद बोळ होता, नळांचे पाइप आणि वायरी जायला. त्याचं लोखंडी दार कॉरिडॉरच्या टोकाला. तिथून आत शिरून तो ती तार बोर्डापर्यंत ओढणार होता.

खरं तर त्याने आधी बोर्डावरून लाइन बंद करायला हवी होती. तो तेच करायला निघाला होता. पण ती लाइन पूर्ण रांगेची. दोन बेड सोडून एका तान्ह्या मुलीची शीर सापडत नव्हती, सिस्टर सुई घेऊन बसल्या होत्या. त्या मान वर न करता म्हणाल्या, आत्ता अंधार करू नकोस.

तो क्षणभर थांबला. मग म्हणाला, बरं, या एका दिव्याचं बटण बंद ठेवू, भागेल तेवढ्याने.

बटण त्याने स्वतः बंद केलं. टोपीचे दोन स्क्रू बाळाच्या औषधाच्या टोपणात ठेवले, टोपण माझ्या हातात दिलं. आणि ते टकटकीचं सांगितलं.

"सांभाळा. आलोच."

तो गेला.

आमचाच कोपरा अंधारा राहिला.

भिंतीच्या आत खुडबुड ऐकू येत होती. तार सरकत होती. सासूबाई थर्मास घेऊन गरम पाणी आणायला गेल्या.

आणि बाळाला खोकल्याची उबळ आली.

खोकला... खोकला... आणि एकदम थांबला.

मशीन बोंबलायला लागलं. आकड्याच्या जागी रेघा.

मी सिस्टरांना हाक मारली. त्या तिकडूनच म्हणाल्या, पट्टी सुटली असेल, नीट लावा. मी पट्टी चाचपली. ती जागेवर होती. की नव्हती? मला कळेना. मी ओठ बघायला वाकले आणि माझीच सावली...

काळे दिसत होते. निळे? नुसती सावली?

एकदाच बघते, असं म्हटलं मी मनात. डोळ्याचं पातं लवतं ना लवतं तोवर बंद करते.

मी बटण दाबलं.

दिवा लागला... मग किंचित मंदावला... थरथरला... आणि नीट पेटला.

भिंतीच्या आत काहीतरी घसरलं. पोतं भिंतीला घासत खाली बसावं, तसा आवाज.

ओठ गुलाबी होते.

छान गुलाबी. बाळ माझ्याकडे टकमका बघत होतं.

मी पटकन बटण बंद केलं. आता आतून तो ओरडेल, म्हणून कान टवकारून बसले. काय ताई, सांगितलं होतं ना, असं काहीतरी.

कुणी ओरडलं नाही.

खुडबुडही थांबली होती.

सासूबाई आल्या. म्हणाल्या, "दारातून दिवा लागलेला दिसला. झालं का त्याचं?"

मी म्हटलं, "नाही. अजून नाही."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. तेवढ्यात...

ठक.

ठक.

ठक.

भिंतीच्या आतून. माझ्या खांद्याच्या उंचीवर.

मला इतकं हायसं वाटलं, काय सांगू. झालं म्हणजे. तो ठीक आहे, काम झालं, माझी चोरीही पकडली गेली नाही. मी हसून सासूबाईंकडे बघितलं आणि दिवा लावला.

तो परत आला नाही.

मी सिस्टरांना विचारलं, तर त्या हसल्या. "आलोच म्हणाला ना? मग आता सोमवारी."

स्क्रू माझ्याकडेच राहिले.

संध्याकाळी दिव्याचा उजेड बाळाच्या डोळ्यांवर येत होता. टोपी जरा वळवावी म्हणून मी हात वर केला. बाळ मांडीवर होतं.

ठक.

मी दचकून हात मागे घेतला. पाइप असेल. पुन्हा हात नेला.

ठक. ठक.

या वेळी जोरात. दार बडवावं तसं.

मी टोपीवर हात न ठेवता बेडच्या दांडीला टॉवेल टांगला. उजेड अडला. आवाज थांबला.

त्या संध्याकाळीच फोन वाजलेला मी ऐकला. कुठेतरी लांब, बारीक, रिंग होत राहिली आणि थांबली. मला वाटलं पलीकडच्या वॉर्डात कुणाचातरी.

रविवारी सकाळी पुन्हा वाजला. दुपारीही. कुणी उचलत नव्हतं. आवाज लांबून येत नव्हता हे मला तेव्हा कळलं...

तो भिंतीतून येत होता.

मी सिस्टरांना सांगितलं का? नाही. टकटकीची तक्रार मात्र केली, बाळ उठतं म्हणून. सिस्टर म्हणाल्या, पाण्याची लाइन आहे, वाजते कधीकधी.

सिस्टर गेल्यावर मी दिवा बंद केला. भिंतीला तोंड लावलं आणि हळूच म्हटलं, "दादा?"

काहीच नाही.

"दादा... आत आहात का?"

ठक.

एकच. अगदी कानापाशी.

तेव्हाच मी वॉर्ड डोक्यावर घ्यायला हवा होता. धावत जाऊन ते लोखंडी दार उघडायला लावायला हवं होतं. मी काय केलं सांगू? बेड भिंतीपासून वीतभर पुढे ओढला. स्वतःला सांगितलं, पाइप आहे.

कारण दार उघडलं असतं तर कुणीतरी विचारलं असतं, की काल दिवा कुणी लावला.

संध्याकाळी अंधारून आलं आणि मी पुन्हा दिवा लावला. बाळाचे ओठ बघायचे होते ना.

सोमवारी सकाळी एक बाई वॉर्डात आली. डोळे सुजलेले, पायात दोन वेगवेगळ्या चपला. सोबत हॉस्पिटलचे इंजिनियर. ती वायरमनची बायको होती. तो कधीकधी जोडून ड्युटी करायचा, म्हणून शनिवारी तिने वाट बघितली. रविवारी गेटवरच्या माणसाने सांगितलं, दुसऱ्या बिल्डिंगला कामाला असेल. आज मात्र ती हटून बसली होती. शेवटचं काम त्याने या वॉर्डात केलं, म्हणून इंजिनियर तिला इथे घेऊन आले होते.

ती आमच्या बेडपाशी उभी राहिली आणि तिने फोन लावला.

भिंत वाजायला लागली.

ती फोन कानाला धरून भिंतीकडे बघत होती. कुणीच कुणाकडे बघत नव्हतं. रिंग वाजत राहिली... वाजत राहिली... आणि बॅटरी संपल्यासारखी मध्येच विझली.

लोखंडी दाराला बाहेरून कडी होती. शनिवारी दुपारी साफसफाईवाल्यांनी दार उघडं दिसलं म्हणून लावली होती. त्यांची तरी काय चूक?

तो आत बसलेल्या अवस्थेत सापडला. पाठ पाण्याच्या लोखंडी पाइपाला टेकलेली. पाइप ओलाच होता. उजव्या मुठीत हिरवी तार, टोक सोललेलं.

दिव्याच्या टोपीच्या आत एक वायर कधीची चिरली होती. दिवा वर होता तोवर कुणाला कळलं नाही. बटण बंद असेपर्यंत पत्रा मेलेलाच. बटण दाबलं की पत्र्यात करंट, पत्र्यातून हिरव्या तारेत, तारेतून...

इंजिनियरांनी मीटर लावलं, बघितलं आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही या टोपीला हात लावला होता?"

मी म्हटलं, नाही.

ते म्हणाले, "बाळाचं नशीब. मांडीवर घेऊन लावला असता तर दोघंही राहिला नसतात."

मला ती संध्याकाळ आठवली. वर गेलेला हात. ठक. ठक.

डॉक्टर नंतर म्हणाले, तो शनिवारी दुपारीच गेला. लगेच. त्याला कळलंही नसेल. हे ते त्याच्या बायकोला धीर द्यायला सांगत होते.

मी मात्र तिथेच उभी राहून विचार करत होते... लगेच गेला, तर मग आतून टकटक कुणी केली?

आणि शनिवारपासून मी तो दिवा किती वेळा लावला.

प्रत्येक वेळी.

प्रत्येक वेळी तो करंट त्याच्यातून जमिनीत गेला. माझ्या बाळाच्या दिव्याची तिसरी तार तोच होता.

मंगळवारी आम्हाला सोडलं. आमचं सामान बांधून झालं होतं. तेव्हा ती पुन्हा आली, त्याची कामाची पिशवी न्यायला. सगळ्यांनी तिला सांगितलं होतं की त्याचंच चुकलं, बोर्डावरून लाइन बंद केली नाही. ती भांडायला आली नव्हती. नुसती बेडपाशी उभी राहिली.

"ताई, बोर्ड बंद केला नव्हता, मान्य. पण या दिव्याचं बटण ते बंद करून जातात. घरीसुद्धा बल्ब बदलायचा तर मला बटणापाशी उभं करतात, कुणाला हात लावू द्यायचं नाही म्हणून. मग ते चालू कसं झालं? कुणी लावलं होतं का?"

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं.

सासूबाई म्हणाल्या, "नाही हो. आम्ही कशाला हात लावतोय. तान्हं लेकरू घेऊन बसलेलो आम्ही."

तिने माझ्याकडे बघितलं. ती माझ्या उत्तराची वाट बघत होती, सासूबाईंच्या नाही.

मी मान हलवली. नाही म्हणून.

ठक.

तिने ऐकलं. मला माहीत आहे तिने ऐकलं. तिने पुढे होऊन भिंतीवर तळहात ठेवला, तापलेल्या माणसाच्या कपाळावर ठेवावा तसा. मग पिशवी उचलली आणि निघून गेली. स्क्रूचं टोपण माझ्या पर्समध्ये होतं. ते मी तिला दिलं नाही. दिलं असतं तर आणखी काय काय माझ्याकडे आहे, हे तिने विचारलं असतं.

सासूबाईंनी घरी येईपर्यंत हा विषय काढला नाही. त्यानंतरही कधी काढला नाही. पण त्या दिवसापासून त्यांनी आमच्या घरातलं एकही दिव्याचं बटण दाबलेलं नाही. अंधार पडला की स्वयंपाकघरातून हाक मारतात, "अगं, दिवा लाव."

आणि मी लावत नाही.

मी थांबते.

कारण आमच्या बेडरूमच्या भिंतीला पलीकडे काहीच नाही. ती बाहेरची भिंत आहे, चौथ्या मजल्यावरची. तरी दिवेलागणीला मी बटणापाशी उभी राहिले की...

ठक. ठक. ठक.

झालं म्हणजे. आता लावायचा.

नवऱ्याला वाटतं माझ्या मनावर परिणाम झालाय. त्याला मी सगळं सांगितलेलं नाही. तो म्हणतो, डॉक्टरला दाखवू, झोप नीट घेत जा. असेलही तसं. पण काही संध्याकाळी टकटक होत नाही. तेव्हा मी बाळाला घेऊन अंधारातच बसते. नवरा येतो, बडबडत सगळे दिवे लावतो, आणि मी कान भिंतीला लावून ऐकत राहते की आत काही घसरलं तर नाही.

बाळ आता वर्षाचं झालंय. तब्येत चांगली आहे. ओठ गुलाबी. परवा त्याला पाळण्यात ठेवून मी संध्याकाळची वाट बघत होते. भिंत गप्प होती. बाहेर पार अंधारलं.

तेव्हा त्याने पाळण्याच्या दांड्यावर मूठ आपटली.

तीनदा.

मग माझ्याकडे बघून त्याने जीभ काढून दाखवली.

हे त्याला आमच्यापैकी कुणीच शिकवलेलं नाही.

ते दोन स्क्रू अजून माझ्याकडे आहेत. तिचं घर कुठे आहे ते मी शोधून ठेवलंय. दोनदा गेले. गल्लीच्या तोंडापर्यंत. दुसऱ्यांदा ती दारात उभी होती, बाजूला कुणीतरी स्टुलावर चढून बल्ब बदलत होतं, आणि तिची नजर बटणावर होती. मी तशीच मागे फिरले. मला तिला सांगायचंय की त्याने बटण बंद केलं होतं. त्याने नीट बंद केलं होतं. इथे तुम्हाला सांगितलं, तिला अजून नाही.

तुम्ही हे वाचताय तर एक करा.

आज तुमच्याकडे कुणी कामाला आलं असेल. माळ्यावर चढलं असेल, टाकीत उतरलं असेल, भिंतीमागे गेलं असेल. "आलोच" म्हणून गेलं असेल, आणि बराच वेळ झाला असेल.

फोन ठेवा. उठा.

कुठल्याही बटणाला हात लावू नका. आधी त्याला हाक मारा.

आणि आतून नुसतीच टकटक आली, तर तेवढ्यावर समाधान मानू नका. दार उघडून बघा.